धुक्याच्या देशातली चूल

एकदा काय झालं, एका नदीनं झोपेत कूस बदलली. तुम्ही बदलता ना, तशीच. पण तुम्ही कूस बदललीत तर फार फार तर पांघरूण खाली पडतं. नदीनं बदलली की गावंच्या गावं जातात, बरं का.

त्या नदीकाठी भिवा बुरूड राहायचा. बांबूची सुपं, टोपल्या, रोवळ्या विणायचा. त्याची बायको सगुणा. आणि त्यांची लेक मंजुळा, सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली. आपल्या चिमीसारखीच! तर पाणी आलं आणि घर गेलं, अंगण गेलं, भिवाच्या आजोबांनी लावलेलं बांबूचं बेट गेलं. माणसं तेवढी वाचली. भिवा चिखलाकडे बघत बसून राहिला. एक दिवस बसला, दोन दिवस बसला. तिसऱ्या दिवशी सगुणा म्हणाली,

"अहो, उठा आता. हात शाबूत आहेत ना आपले? मग मुलखाला काय तोटा!"

मग हाती लागलं तेवढं गाठोड्यात बांधून ते निघाले. एक डोंगर ओलांडला. दुसरा ओलांडला. तिसऱ्या डोंगरावर मंजुळेच्या टाचा फुटल्या, तेव्हा भिवानं तिला खांद्यावर घेतलं. आणि त्या डोंगराच्या पलीकडे होता धुक्याचा देश.

कसा होता म्हणून सांगू? सकाळी धुकं, दुपारी धुकं. सूर्य असायचा, पण ताकातल्या लोण्याच्या गोळ्यासारखा, जरा दिसला की बुडाला. आणि वारा? वाऱ्याचं नाव नाही. झाडाचं पान हलायचं नाही.

वेशीवर एक म्हातारा नाईक बसला होता. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सगळ्या भाषा त्याला यायच्या.

"या," नाईक म्हणाला. "जागा आहे. त्या उतारावर एक रिकामं घर आहे, तिथं उतरा. पण ऐका. इथं कुणी राहायचं ते मी ठरवत नाही, राजाही ठरवत नाही. इथली भुई ठरवते. परवा सूर्य मावळायच्या आत त्या घरातून चुलीचा धूर निघाला, तर घर तुमचं. नाही निघाला, तर पुढची वाट धरायची."

"पुढे काय आहे?" भिवानं विचारलं.

"बर्फ," नाईक म्हणाला आणि मंजुळेच्या टाचांकडे बघितलं. "तुमच्याआधी सात घरची माणसं तिथं उतरली. सातही गेली."

सगुणेची एक सवय होती. भीती वाटली की ती पदर कमरेला घट्ट खोचायची. तसा तिनं खोचला आणि गाठोडं उचललं.

"आठवं राहील," ती म्हणाली.

घर दगडाचं होतं. वर गवताचं छप्पर. आत चूल होती, पण तिच्यातली राख इतकी जुनी की दगडासारखी झालेली. सगुणेनं घर झाडलं, राख खरवडून काढली. मग म्हणाली, आधी पाणी.

विहीर जवळच होती, काठोकाठ भरलेली. भिवानं पोहरा सोडला. पोहरा खाली गेला, तसं पाणीही खाली गेलं! त्यानं आणखी दोर सोडला. पाणी आणखी खाली. दोर संपला, त्याला मुंडासं बांधलं. मुंडासं संपलं, त्याला सगुणेचं जुनं लुगडं बांधलं. पाणी आपलं खालीच. आणि तळातून आवाज काय यायचा? खुदुखुदु, खुदुखुदु. हसत होती हो विहीर!

भिवा वैतागला. "चल सगुणा. इथलं पाणीसुद्धा आपलं नाही."

पण सगुणा बाजूला बसून राहिली. तिथल्या बायका पाण्याला येत होत्या, त्यांना बघत राहिली. प्रत्येक बाई विहिरीत वाकायची, काहीतरी पुटपुटायची आणि मगच पोहरा सोडायची. सगुणेनं त्यांचे शब्द ऐकले आणि तसेच म्हणून बघितले. भस्सकन पाणी तिच्या तोंडावर उडालं! कोण जाणे, काय भलतंच बोलून बसली असेल. मंजुळा खो खो हसली. किती दिवसांनी हसली होती पोर.

मग सगुणेच्या मनात आलं, आपल्या दारात कुणी नाव-गाव न सांगता भांडं घेऊन घुसला, तर आपण तरी देऊ का पाणी? ती विहिरीच्या कठड्यावर टेकली आणि आपल्याच भाषेत बोलायला लागली.

"मी सगुणा. सुपं विणणाऱ्यांची सून. आमचं गाव नदीनं नेलं, म्हणून इकडे आलो. हे माझे मालक. रागीट नाहीत, नुसते दमलेत. ही मंजुळा. हिला दूधभात आवडतो, पण सध्या फुटाण्यांवर आहे."

बोलता बोलता तिला रडू आलं. तेही तिनं विहिरीला सांगितलं. गावात वारलेल्या सासूचं सांगितलं, वाहून गेलेल्या तुळशीचं सांगितलं. आणि पाणी हळूहळू वर चढायला लागलं. वर, वर, थेट कठड्यापर्यंत आलं, तेव्हा सगुणेनं ओंजळीनंच मंजुळेला पाजलं. गोड होतं, बरं का. असा गेला पहिला दिवस.

दुसऱ्या दिवशी चूल पेटवायची होती. भिवानं चकमक घासली, ठिणगी पडली. पण त्या देशातली लाकडं धुकं पिऊन पिऊन गार झालेली. ठिणगी पडायची आणि विझायची. सकाळभर घासून घासून त्याचे अंगठे सोलले. मग सगुणेनं एक खापर उचललं.

"शेजारून विस्तव आणते."

"मागून आणणार?" भिवा म्हणाला.

"आपल्या गावात नव्हतो मागत? विस्तव मागायला लाज कसली?"

शेजारी एकच घर होतं. तिथं एक म्हातारी राहायची, एकटीच. तिचं नाव ओरी. तिनं दार उघडलं, सगुणेकडे बघितलं, खापराकडे बघितलं आणि दार लावून घेतलं. धाडकन!

सगुणा तशीच नाईकाकडे गेली. "नाईकबाबा, असं काय केलं हो त्यांनी?"

नाईक म्हणाला, "सात वेळा विस्तव दिलाय तिनं, बाई. सात वेळा त्या माणसांचा लळा लागला. कुणाला पाणी मिळालं नाही, कुणाला काम मिळालं नाही, चूल धड पेटायच्या आतच सगळी उठून गेली. एकानं जाताना हाकसुद्धा मारली नाही तिला. आता म्हणते, राहणाऱ्यालाच देईन."

"आम्ही राहणारच आहोत."

"ते सातही जण असंच म्हणाले होते."

सगुणा घरी आली. बघते तर गाठोडं कोपऱ्यात तसंच बांधलेलं. तिनं ते सोडलं. तवा आणि ज्वारीच्या पिठाची पुरचुंडी चुलीपाशी ठेवली, कोयता काढला आणि भिवाच्या हातात दिला.

"काम सुरू करा. काम करणाऱ्या माणसाला कोण म्हणेल हा जाणार म्हणून?"

भिवा बांबू शोधायला गेला. सगळा उतार पालथा घातला, पण त्या देशात बांबूचं एक पेर नाही! ओढ्याकाठी फक्त झुडपं होती. जांभळट, बोटाएवढ्या जाडीचे फोक, म्हणजे लांब सरळ फांद्या. भिवानं भारा कापून आणला. चिरायला गेला तर फोक तुटले. मग न चिरता, अख्खेच घेऊन विणायला बसला आणि संध्याकाळपर्यंत एक टोपली केली. ओबडधोबड, पण टोपली. त्यानं ती उशाशी ठेवली. आणि सकाळी उठून बघतो तर काय? टोपली नाही! सगळे फोक सुटून, सरळ होऊन, शेजारी शेजारी झोपलेले. तुम्ही आत्ता झोपलात ना, अगदी तसे.

भिवानं कोयता टाकला. भिंतीकडे तोंड करून बसला.

"बांबू नाही तिथं बुरूड कसला?" तो म्हणाला. "हे हात आता काय कामाचे? उचल गाठोडं."

तिसरा दिवस होता तो. शेवटचा. सगुणा बाहेर आली, पदर खोचला आणि उभी राहिली. मंजुळा दारातल्या वेलाशी खेळत होती. खांबाला गुंडाळलेला वेल सोडवून ती दुसऱ्या बाजूनं गुंडाळायची. सोडलं की वेल हळूच पहिल्यासारखा व्हायचा.

"आई, हा हट्टी आहे. मी उजवीकडे वळवते, हा डावीकडेच जातो."

सगुणा तिथंच खाली बसली. तिनं एक फोक उचलला, डोळ्यापाशी धरला. त्याच्या सालीवरची रेघ डावीकडे पीळ घेत गेली होती. दुसरा बघितला, तोही तसाच. ती पळत आत गेली.

"अहो, वीण उलटी घाला!"

भिवा चिडला. "बापानं शिकवलेली वीण आहे ती. ती उलटी घालू?"

"वीण मामंजींचीच राहू दे," सगुणा म्हणाली. "हात तेवढा फिरवा. मामंजी असते तर दुपारपर्यंत रुसून बसले असते का हो?"

भिवानं पुन्हा भिंतीकडे तोंड फिरवलं. मग सगुणाच विणायला बसली. तिला नीट येईना, बोटं अडखळायची. भिवानं एकदा वळून बघितलं. दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा त्याला राहवेना. "अगं असं नाही, कड आधी आवळायची," म्हणत तो जवळ सरकला. उलटी वीण! नव्या पोरासारखा चुकत होता, स्वतःवरच हसत होता. पण फोक कसे वळले म्हणता, लोण्यासारखे! दिवस कलायच्या आत सूप तयार झालं. भिवानं ते जमिनीवर आपटून बघितलं. एक काडी सुटली नाही.

सगुणा सूप घेऊन ओरीकडे गेली. म्हातारी दारात बसून धान्य निवडत होती. तिथं वारा नाही ना, मग भूस उडणार कसं? बिचारी मूठमूठ धान्य घेऊन तोंडानं फुंकायची. फू, फू. फुंकून फुंकून दम लागलेला. सगुणेनं न विचारताच धान्य सुपात घेतलं आणि पाखडायला लागली. फट्, फट्, फट्! भूस पुढे उडालं, दाणे मागे राहिले. ओरीनं सूप हातात घेतलं. उलटं करून बघितलं, ओढून बघितलं. त्यातला जांभळा फोक तिच्याच ओढ्याचा होता. तिनं सगुणेच्या सोललेल्या बोटांवरून हात फिरवला. मग उठली, आत गेली आणि दोन्ही हातांत धरून विस्तवाचं खापर घेऊन आली.

सगुणा पळाली! चुलीत विस्तव ठेवला, वर बारीक काटक्या ठेवल्या. ती फुंकायची, भिवा फुंकायचा, मंजुळा दात नसलेल्या तोंडानं फुंकायची. लाल झालं, पिवळं झालं आणि भक्कन पेटलं. छपरातून धूर निघाला. सगुणेनं लगेच तवा ठेवून भाकरी टाकली.

पण बाळांनो, बाहेर धुकं. पांढऱ्यात पांढरं दिसणार कसं? खाली वेशीवरून नाईक डोळे ताणून बघत होता आणि सूर्य मावळायला टेकला होता. "नाही निघाला धूर," तो हळहळून म्हणाला आणि उठला.

तेवढ्यात उतारावरून ओरी आली, काठी आपटत. सात वर्षांत ती वेशीपर्यंत आली नव्हती! तिनं नाईकाचा हात पकडला आणि आपल्या भाषेत ओरडली,

"डोळे म्हातारे झाले तुझे. नाक आहे ना? हुंग!"

नाईकानं हुंगलं. धुक्यातून वास येत होता. चुलीच्या धुराचा, आणि त्यात मिसळलेला भाजत्या ज्वारीच्या भाकरीचा. तो देश झाल्यापासून असा वास तिथं कुणी घेतला नव्हता. नाईक त्या वासामागून चढत चढत दारापर्यंत आला. आत तवा होता, तव्यावर भाकरी टम्म फुगलेली. सूर्याची शेवटची कड अजून डोंगरावर होती.

"भुईनं ठेवून घेतलं तुम्हांला," नाईक म्हणाला. "घर तुमचं."

"बसा मग," सगुणा म्हणाली. "पाहुणे तुम्ही आहात आता."

आणि तिनं पहिली भाकरी ओरीला वाढली.

मग काय! घरोघरी जांभळी सुपं झाली. मंजुळा महिनाभरात तिथली भाषा बोलायला लागली आणि आईबापाच्या चुका काढायला लागली. ओरी दुपारचं जेवायला त्यांच्याकडेच यायची. भिवाला कधी कधी आजोबांच्या बांबूच्या बेटाची आठवण यायची. मग तो ओढ्याकाठी जाऊन बसायचा. सगुणा त्याला बसू द्यायची. मग तो उठायचा आणि पुन्हा कामाला लागायचा. अशी ती माणसं तिथं सुखानं नांदली. अजूनही नांदतायत.

गोष्ट पोचली घरी, आता तुम्ही पोचा झोपेच्या गावी. चिमे, पाय आत घे. मिटा डोळे.