अंद्रियाची भाकर

तुमच्या आजोबांचे आजोबा रांगत होते, तेव्हाची ही गोष्ट. नदीकाठच्या बेथेलवाडीत अंद्रिया नावाचा नावाडी होता. अबोल माणूस. होडीत बसणाऱ्याला तो कधी नाव विचारत नसे. तेच त्याला पुढे भोवलं.

एका उन्हाळ्यात पलीकडच्या काठावरच्या राणोजीच्या टोळीने गाव लुटलं, प्रार्थनामंदिर जाळलं. गावातल्या तबीथा नावाच्या बाईचा नवरा त्यात मारला गेला. टोळी नदी ओलांडून आली कशी? गावात होडी तर एकच. उघड कुणी काही म्हणालं नाही, पण रविवारी प्रार्थनेला अंद्रियाच्या शेजारी कुणी बसेना. सगळं गाव देवाकडे न्याय मागू लागलं.

मग नदीला पूर आला. गावात पावसाचा थेंब नव्हता, तरी पाणी चढलं आणि फक्त पलीकडचाच काठ गिळत गेलं, असं म्हणतात. टोळीची बायकापोरं झाडांवर चढून हाका मारू लागली.

अंद्रियाने होडी काढली. गावाची प्रार्थना चालवणारे हनोख पाळक आडवे आले. "जगबुडीत नोहाच्या तारवाचं दार देवाने स्वतः लावलं होतं, पापी बाहेरच राहावेत म्हणून. ते उघडणारा तू कोण?"

"पाळकसाहेब, माझ्या होडीला दारच नाही," अंद्रिया म्हणाला.

होडीचा दोर तबीथाने धरून ठेवला होता. "त्या दिवशी त्यांना तूच आणलंस ना?"

"नाही. पण मी शपथ घेतली तरी तू मानशील का?"

"नाही," ती म्हणाली. आणि तिने दोर सोडला.

दिवसभर तो खेपा घालत राहिला. होडी लहान, पण कितीही माणसं चढली तरी ती भरली नाही, असं म्हणतात. शेवटच्या खेपेला टोळीतले गडी आले, तेव्हा वल्हं राणोजीच्या हातात होतं. अंद्रिया होडीत नव्हता.

"एकाचीच जागा उरली होती," राणोजी म्हणाला. "तो उतरला, मला चढवलं."

गड्यांनी माना हलवल्या, पण ती तर त्याचीच माणसं. दिवसभर न भरलेली होडी नेमकी आताच कशी भरली? यानेच ढकललं असणार! लोकांनी काठ्या उचलल्या.

पाळक तबीथाला म्हणाले, "तुझा माणूस गेलाय, बाई. तूच सांग."

तिने राणोजीकडे बघितलं. तो कुडकुडत होता.

"हा खोटं बोलत असेल तर देव बघून घेईल," ती म्हणाली. "तोवर याला भाकर द्या."

कुणी हलेना, तेव्हा तिनेच घरातून आणून दिली.

अंद्रिया कधीच सापडला नाही. राणोजी गावातच राहिला, होडी चालवू लागला. तो मरेपर्यंत लोक त्याच्याकडे डोळे बारीक करूनच बघत.

अजूनही दरवर्षी पुराच्या त्या दिवशी बेथेलवाडीत प्रार्थना होते आणि गावाचा ज्याच्यावर सगळ्यांत कमी विश्वास, त्याला अंद्रियाच्या नावाने पहिली भाकर वाढतात. कुणाला वाढायची, यावरून भांडणं होतात. देणाऱ्याचा हात जरा अडखळतोच. माणसाची खात्री करून घेऊन दिली, तर ती अंद्रियाची भाकर नव्हे, असं म्हणतात.