भाचीचं लाल झबलं

एका गावात केरबा नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे कसा, तर बायको सांगेल ते सगळं ऐकायचा. नवऱ्यांत हा गुण दुर्मीळ, म्हणून गावातल्या बायका अनुसयेचा हेवा करायच्या. अनुसया त्यांना म्हणायची, "न्या की चार दिस. मग सांगा."

त्या वर्षी केरबाची बहीण हौसा भाऊबीजेला येणार होती, कडेवर तान्ही लेक घेऊन. पोरीची पहिलीच दिवाळी आणि पहिलंच आजोळ. हौसाची सासू तोंडाची तिखट. तिने आधीच निरोप धाडला होता, "नात आजोळास्नं येताना मामीच्या हातचं झबलं घालून येऊ दे. बघू तरी मामीला काय येतंय ते."

झालं. अनुसया हट्टाला पेटली. लाल लोकर आणली, सुया काढल्या. एकीकडे विणकाम, दुसरीकडे फराळ, आणि घरात हाताखाली दुसरी बाई नाही. होता तो केरबा.

तिने लोकरीची लड त्याला धरायला दिली. थोड्याच वेळात लडीचा गुंता झाला आणि केरबा त्या गुंत्यात कोपरापर्यंत अडकला.

"अवो, ओढू नका! गुंता दिसला की आदी टोक हुडकायचं, आन् गोल गोल गुंडा करत जायचं."

"बरं. आता ध्यानात ठिवतो," केरबा म्हणाला. आणि एकदा ध्यानात ठेवलं की तो जन्मात विसरत नसे. घोडं तिथेच तर पेंड खात होतं.

दुसऱ्या दिवशी अनुसयेने कागदावर ओळीने चकल्या पाडल्या आणि ती चुलीत लाकडं सारायला गेली. केरबाने पाहिलं, तर जिकडे तिकडे वेटोळीच वेटोळी. बिचारीचा किती गुंता झालाय! त्याने एकेकीचं टोक हुडकलं आणि कामाला लागला. अनुसया परत आली तेव्हा कागद रिकामा होता आणि केरबाच्या मांडीवर नारळाएवढा गोळा होता.

"अवो, गुंडा लोकरीचा करायचा! चकलीचा न्हवं!"

"बरं. आता ध्यानात ठिवतो."

मग तिने त्याला अनारशांच्या कढईपाशी बसवलं. "हितं कायबी करायचं न्हाई. जाळी पडतीया का तेवढं बघा. जाळी न्हाई पडली, तर सगळी म्हेनत वाया गेली म्हणायची."

केरबा डोळ्यांत तेल घालून बसला. अनारसे सुरेख झाले. अनुसया त्याला कौतुकाने "शाणं हायसा" म्हणाली, आणि तिथेच चुकली.

ती तुळशीपुढे दिवा लावायला गेली. खुंटीवर अर्धं झबलं टांगलं होतं. केरबाने ते उजेडात धरलं. घट्ट वीण, जाळीचा पत्ता नाही. एवढी राबतेय आणि मेहनत वाया! त्याने सुई घेतली आणि जीव लावून पाठभर जाळी पाडली. दोन-चार ठिकाणी तर अनारशापेक्षा चांगली पडली.

अनुसयेच्या डोळ्यांत पाणीच आलं. "अवो, लोकरीला भोक पडलं की समदं उसवतंय! भोक दिसलं की टाकं घालून बुजवायचं. तवाच्या तवा!"

तिला रडताना बघून केरबालाही वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं. "बरं," तो हळूच म्हणाला, "आता ध्यानात ठिवतो."

दिवाळीची पहिली आंघोळ झाली. केरबाचे वडील आबा कुडकुडत आत आले आणि नवी बंडी डोक्यात घालायला लागले. बंडी डोक्यात गेली, पण डोकं काही बाहेर येईना. हातही येईनात. आबा बंडीच्या आतून ओरडले, "केरबाऽ! ह्येचा गळा कुठं गेला?"

"लई मोठं भोक व्हतं आबा. बुजवलं. हाताकडली दोन बी बुजवली."

अनुसयेला हसू आवरेना. आबांची सुटका करता करता ती म्हणाली, "अवो, चूक झाली की टोक धरायचं आन् वढायचं. ह्ये बघा, कसं भराभरा सुटतंय."

केरबाला ते फार आवडलं. "बरं. आता ध्यानात ठिवतो."

भाऊबीजेच्या सकाळी पुन्हा विणलेलं झबलं पुरं झालं. शेवटच्या टाक्याचं टोक अडकवायचं तेवढं राहिलं होतं, तोवर हौसा दारात आली. बाळाच्या अंगात झबलं घातलं. लाल झबल्यात पोरगी अशी शोभून दिसली, की हौसाने वहिनीला मिठीच मारली.

"वैनी, आता सासूबाई काय बोलत्यात ते बघतेच मी!"

अनुसयेचा सगळा शीण उतरला. तिने केरबाला पाटावर बसवलं आणि हातात चोळीचा खण दिला. "ताट म्होरं आलं की हातात असंल ते मुकाट्यानं ताटात घाला. आज आनि दुसरं कायबी करू नका."

हौसाने बाळ त्याच्या मांडीवर दिलं. बाळ धरायचं म्हणून केरबाने खण बाजूला ठेवला. हौसा झबल्यावरून हात फिरवत हसली. "एकच चूक झाली बघा. माप मीच मोठं कळीवलं. जरा ढगळ झालंय."

ताटात सुपारी नव्हती. ती शोधायला नणंद-भावजय आत गेल्या, आणि सुपारी काही लवकर सापडेना. पाटावर केरबा राहिला, मांडीवर बाळ, आणि झबल्याखाली लोंबणारं ते लाल टोक.

केरबाने टोक धरलं. ओढलं. खरंच भराभरा सुटलं. बाळाला गुदगुल्या झाल्या, ते खदखदा हसायला लागलं. मामालाही हुरूप आला.

हौसा निरांजन लावून आली. डोळे मिटून देवाचं नाव घेत तिने भावाला ओवाळलं. ताट पुढे आलं. केरबाने हातात होतं ते मुकाट्याने ताटात ठेवलं.

हौसाने डोळे उघडले. ताटात लाल लोकरीचा गुंडा होता आणि मामाच्या मांडीवर उघडंबंब बाळ टाळ्या पिटत होतं. अनुसया दाराशीच मटकन खाली बसली.

केरबाने मान वर केली. आज पहिल्यांदाच ध्यानात ठेवलेलं सगळंच्या सगळं कामी आलं होतं.

"बघ की अनुसया," तो म्हणाला, "ह्या खेपेला जरा बी गुंता झाला न्हाई."