मेढीजवळची जागा

फार मागे खळ्यावरची मळणी बैलांच्या पायांनी होई, तेव्हाची गोष्ट. धन्याने पवळ्या नावाच्या तरण्या बैलाला मधल्या खांबाला, मेढीला लागून बांधलं. बाकीचे बैल त्याच्याच दाव्याला रांगेत बांधलेले, बाहेरून मोठा फेरा घेणारे; म्हणून ती संथ चालीच्या, बहुधा म्हाताऱ्या बैलाची जागा.

“काय आजोबा, गुडघे दुखतात का?” कडेचा बैल चांद्या चिडवी. पवळ्या रागाने धावे आणि कडेच्या बैलांची फरफट होई.

“उद्या असंच केलंस, तर बाजारात विकीन,” धनी पवळ्याला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चांद्या पुन्हा बोलला. पवळ्याच्या अंगात आग उठली, पण आपला श्वास ऐकत तो सावकाश चालत राहिला. हळूहळू राग निवला. चांद्याचं तोंडही मिटलं, सगळ्यांची पावलं संथ पडू लागली.

दुपारी चांद्याने हळूच विचारलं, “पवळ्यादादा, आज आपल्याला हाकतंय कोण?”

धनी तर बाभळीखाली निर्धास्त भाकरी खात बसला होता; सगळी रांग पवळ्याच्या चालीवर फिरत होती.