तरसाच्या दातांतली साल

फार पूर्वी वाघाच्या पंगतीत तरसाचं पान नेहमी शेवटी मांडलं जाई. त्याच्या वाट्याला नुसती हाडं येत. तरी तो म्हणे, "पोट भरलं, महाराज!" आणि घरी जाऊन झोपेत कराकरा दात खाई.

एका सकाळी बायकोने त्याला ओढतच साळिंदर वैद्यांकडे नेलं.

"वैद्यबुवा, यांच्या दातांच्या आवाजाने पोरं दचकून उठतात हो."

"मला कुणाचा राग नाही," तरस घाईघाईने म्हणाला.

"मी कुठे विचारलं?" म्हणत वैद्यांनी बुचाच्या झाडाची मऊ साल त्याच्या जबड्याच्या मापाने कापून दिली. "झोपताना दातांत धरा. झिजेल ती साल, दात नाहीत."

दात वाचले, पण थोड्याच दिवसांत सालीचा पार भुगा झाला. तरस नवी घ्यायला गेला, तर वैद्यांच्या दारात वाघ! तरस झुडपामागे दडला.

वाघ हळूच सांगत होता, "वाघीण म्हणते, मी झोपेत दात खातो. तसं मला कुणाचं भय नाही हं."

"मी कुठे विचारलं?" वैद्य म्हणाले. "आ करा, महाराज. माप घेतो."

तरस साल न घेताच घरी परतला. त्या रात्री त्याची पोरं गाढ झोपली.