मिठाची मिठी

घरोघरी पाव भाजत, त्या जुन्या काळी एका फळीवर मीठ आणि खमीर शेजारी राहत. थंडीभर खमीर पुडीत झोपून होतं. मीठ बरणीतून रोज त्याला हाका मारी.

एके सकाळी येसूबाईंनी खमीर परातीतल्या कोमट पाण्यात सोडलं. त्याने डोळे किलकिले केले. मिठाला राहवेना.

"मिठ्या, दम धर," पीठ म्हणालं. "आधी मला मध्ये पडू दे."

"दोन मित्रांच्या मध्ये तू कशाला?" म्हणत मिठाने बरणीतून चमचाभर झेप घेतली आणि खमिराला घट्ट मिठी मारली.

"अरे, सोड... गुदमरतोय..." खमीर पुटपुटलं. मिठाला वाटलं, लाजतोय लेकाचा.

दुपार झाली तरी मळलेलं पीठ तसूभरही फुगलं नाही. "ऊठ ना रे," मीठ विनवत राहिलं. खमीर पुन्हा बोललंच नाही.

संध्याकाळी पाव विटेसारखा निघाला. येसूबाईंचा चेहरा पडला. यजमानांनी तुकडा कसाबसा चावला आणि समजुतीने म्हणाले, "मीठ मात्र अगदी बेताचं पडलंय हं."

ते ऐकून बरणीत उरलेल्या मिठाला, हवा कोरडी असूनही, पाणी सुटलं.