जयभारतची मॉर्टन

सायकलीवरचं जुनं नाव खरवडून काढलं, की ते नाव जातं कुठं?

हा प्रश्न माझ्या दादाचा.  

आमच्या गावात भोळी माणसं पुष्कळ, पण त्यातला पहिल्या नंबरचा भोळा म्हणजे सिदराम, माझा थोरला भाऊ. सांगितलेलं काम तो सांगितलं तसंच करायचा. त्यात केसाचा फरक नाही. त्याला जाऊन आज एकवीस दिवस झाले. भेटायला येणारी माणसं त्याची सायकलीची गोष्ट काढतात आणि चुकीची सांगतात. परवा एकानं सांगितलं, सिदूला सायकल चालवताच येत नव्हती. येत होती. चांगली येत होती. म्हणून आता मीच सांगतो.

आमच्या आबांची, म्हणजे वडिलांची, एक जुनी सायकल होती. जयभारत कंपनीची. आबांनी तीस वर्षं तिच्यावरून दुधाचा रतीब घातला. रोज पुसायची, आठवड्याला तेल द्यायचं. चेन कधी कुरकुरली नाही.

आणि आमची एक बहीण. दादाहून धाकटी, माझ्याहून मोठी. मी तिला आक्का म्हणतो. तिच्यासाठी मामानं एक स्थळ आणलं होतं. वडजाईचे दौलतराव खबाले, रिटायर पोस्टमन, त्यांचा मुलगा लक्ष्मण. आक्कानं लक्ष्मणला एकदा जत्रेत पाहिला होता आणि तेव्हापासून ती भाकरी करपवत होती. दौलतरावांना हुंडा नको, मानपान नको. त्यांना नाद फक्त जुन्या सायकलींचा.

मामाचं सायकलचं दुकान, दादा तिथंच हाताखाली. बोलता बोलता मामा त्यांना म्हणून गेला, "आमच्या दाजींकडं विलायती मॉर्टन हाय. तीस वर्षं जपलीय."

मॉर्टन म्हणजे साहेबाच्या काळातली सायकल. पुढं पितळी हरणाचा बिल्ला. ती आमच्याकडं नव्हती. कधीच नव्हती.

दौलतराव खूश झाले. म्हणाले, "मॉर्टन जपणारं घर म्हणजे माणसं जपणारं घर. रविवारी येतो बघायला."

मामानं आबांची जयभारत दुकानात नेली. आबा काही बोलले नाहीत. आबा बोलत नाहीत तेव्हा त्यांना पटलेलं नसतं, पण ते अडवणारही नसतात.

"सिद्या," मामा म्हणाला, "हिची मॉर्टन करायची. जयभारत हे नाव दुकानात कुठं दिसता कामा नये. खरवडून टाक."

"मामा, पण ही जयभारतच हाय."

"आता मॉर्टन होणार."

"खरवडलेलं नाव जातं कुठं?"

"तुझ्या डोस्क्यात! खरवड."

मामा जेवायला गेला. दादानं पॉलिश पेपर घेतला आणि आबांच्या सायकलीवरचं नाव काढलं. मग त्यानं दुकानात नजर टाकली. गिऱ्हाइकांच्या सात जयभारत दुरुस्तीला उभ्या होत्या. त्यानं सातही खरवडल्या. मग भिंतीवर जयभारतचं कॅलेंडर होतं, तेही खरवडलं.

संध्याकाळी सात माणसं आली आणि कुणाची कुठली यावरून भांडायला लागली. मामानं कपाळाला हात लावला.

"अरे येड्या! दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायच्या आधी मालकाला विचारायचं असतं!"

"बरं मामा," दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मामानं त्याला भंगारवाल्याकडं पाठवलं. तिथं एक मोडकी मॉर्टन पडली होती. तिचा बिल्ला तेवढा आणायचा. भंगारवाल्यानं बिल्ला काढून हातात ठेवला. दादानं विचारलं, "मालक कोण?"

"कदम हेडमास्तरांची होती. वारले की ते."

दादा हेडमास्तरांच्या घरी गेला. सोप्यात मास्तरांचा हार घातलेला फोटो होता. दादा चप्पल काढून फोटोसमोर उभा राहिला आणि वर्गात मास्तरांपुढं धडा म्हणायचा तशा मोठ्या आवाजात म्हणाला, "मास्तर, तुमचा बिल्ला आमच्या जयभारतला लावू का? पाहुण्यांना ती मॉर्टन वाटावी म्हणून पाहिजे."

मास्तरीणबाई आतून आल्या. शेजारणी बाहेरून आल्या. दुपारपर्यंत अख्ख्या आळीला कळलं.

"अरे गाढवा!" मामा म्हणाला. "असल्या गोष्टी मोठ्यानं बोलत्यात व्हय? कानात सांगायच्या. कानात!"

"बरं मामा."

शनिवारी सायकलीला हिरवा रंग दिला. मामाला गावातल्या एका लग्नाला जायचं होतं. जाताना तो म्हणाला, "रंग वाळला की लगेच येऊन सांग. मग सोनेरी रेघा मारू."

रंग वाळला. दादा पळत लग्नात गेला. पंगत बसली होती. मामा जिलेबीचा तुकडा तोडत होता. दादा धापा टाकत आला, वाकला आणि मामाच्या कानात म्हणाला, "वाळला."

आमच्याकडं जेवणाऱ्या माणसाच्या कानात कुणी धावत येऊन बोललं, की एकच बातमी असते. सगळ्या पंगतीचे हात थांबले.

"कोण गेलं रे, सिदू?" एक म्हातारा म्हणाला.

"मोठ्यानं सांगायचं न्हाई," दादा म्हणाला.

नवरदेवाच्या आजीनं गळा काढला. तिचा भाऊ दवाखान्यात होता. तिला वाटलं तोच. मग तिच्या सुना रडायला लागल्या, वाजंत्रीवाले उठून बाहेर गेले. मामाला खरं सांगता येईना. तो नुसता "कोण न्हाई, कोण न्हाई" म्हणत राहिला, त्यामुळं लोकांची खात्रीच पटली. म्हातारीचा भाऊ जिवंत आहे हे दवाखान्यातून कळेपर्यंत भात गार झाला होता.

घरी येताना मामा एवढंच म्हणाला, "उद्या पाहुण्यांपुढं तू तोंड उघडायचं न्हाईस. कुणी नाव विचारलं तर एकच शब्द बोलायचा. मॉर्टन. दुसरं अक्षर काढलंस तर तंगडं मोडीन."

"बरं मामा."

रविवारी दौलतराव आले. संगं त्यांची मंडळी, काशीबाई. पाणी झालं, गूळ झाला. सायकल अंगणात उभी होती. हिरवीगार, सोनेरी रेघांची, पुढं हरणाचा बिल्ला. दौलतराव तिच्याभोवती एक फेरी मारून आले.

"कुठली म्हणायची ही?"

"मॉर्टन," दादा म्हणाला.

मामानं मान डोलावली.

"छान. आणि बाळ, तुझं नाव काय?"

"मॉर्टन."

मामाला खोकला आला. दौलतराव हसले. "चेष्टा करतोस होय! बरं, वडिलांचं नाव?"

"मॉर्टन."

आक्का पोह्यांचं ताट घेऊन बाहेर आली. काशीबाईंनी तिला जवळ बसवलं. "नाव काय गं तुझं?"

आक्का लाजली. तिला लाजायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात दादा म्हणाला, "मॉर्टन."

दौलतराव हसायचे थांबले. ते उठले, सायकल उचलली आणि उलटी केली. सीटच्या खालच्या नळीवर त्यांनी अंगठा फिरवला. तिथं कंपनीनं नाव पत्र्यात ठोकलेलं असतं. रंगानं ते बुजत नाही.

"जयभारत," ते म्हणाले.

"मॉर्टन," दादा म्हणाला.

"गप्प बैस रे!" आबा म्हणाले. त्या दिवशी आबा पहिल्यांदा बोलले.

दौलतरावांनी सायकल अलगद खाली ठेवली. "रंग दिला यात काही पाप नाही. मीही माझ्या सायकली दर दिवाळीला रंगवतो. पण मी छत्तीस वर्षं टपाल वाटलं. पाकीट मळलं, भिजलं, फाटलं, तरी त्यावरचा पत्ता कधी खोडला नाही. तुम्ही तो खोडलात. आणि खोडून वर दुसऱ्याचा लिहिलात."

मामा म्हणाला, "पावणं, सगळेच करत्यात..."

"मला मॉर्टन नको होती हो. तीस वर्षं जपलेली वस्तू बघायची होती. ती तुमच्याकडं होती, तीच तुम्ही खरवडलीत." त्यांनी टोपी घातली. "हिचं नाव हिला परत द्या. मग माझ्या दारात आणून सोडा. आठ दिवस चालवून बघीन. मगच मुलीचं बोलू. नाही आणलीत तर विषय संपला."

पोहे तसेच राहिले. आक्का दाराआड गेली ती दिवे लागेपर्यंत बाहेर आली नाही. त्या रात्री भाकरी करपली नाही. तिनं केलीच नाही.

आबांनी स्वतःच्या हातानं बिल्ला काढला आणि मास्तरीणबाईंना नेऊन दिला. मग दादाला समोर बसवलं.

"तुझं अक्षर चांगलं हाय. जयभारत लिही. आणि एक ध्यानात ठेव. या दारातनं यापुढं जी सायकल बाहेर पडंल, तिच्यावर जयभारतच पाहिजे. दुसरं नाव घेऊन सायकल या दारातनं जायची न्हाई."

"बरं आबा."

दादा दुसरीपर्यंत शिकला होता, पण अक्षर खरंच चांगलं होतं. दांडीवर त्यानं पांढऱ्या रंगात असं नाव काढलं की कंपनीलाही जमलं नसतं.

बुधवारी सायकल पोचवायची होती. वडजाई चौदा किलोमीटर. मामा जायला तयार होता, पण तोंड दाखवायला तयार नव्हता. आबांचे गुडघे दुखत होते. मी जातो म्हणालो, तर आक्का म्हणाली, "नको, तू वाटेत कुणाशी तरी भांडशील." म्हणून दादाला पाठवलं.

"चाकाला चिखल लागू देऊ नको," आबा म्हणाले. "त्यांच्या दारात सोड. ते काय म्हणत्यात ते ऐक. आणि गेलास तसाच परत ये."

"बरं आबा."

दादानं सायकल खांद्यावर घेतली आणि निघाला.

वाटेत लोक विचारायचे, "पंक्चर झाली काय रे?"

"न्हाई. चिखल लागू द्यायचा न्हाई."

"अरे, रस्ता कोरडा ठाक हाय. चिखल हाय कुठं?"

"म्हणूनच लागला न्हाई."

दौलतरावांनी दार उघडलं, तर दारात सायकल खांद्यावर घेतलेला माणूस. टायरला धुळीचा कणही नाही. त्यांनी दांडीवरचं नाव वाचलं, मग दादाच्या खांद्यावरचे वळ बघितले. हे काशीबाईंनीच आम्हांला नंतर सांगितलं. आठ दिवस चालवून बघायचं ते विसरूनच गेले. म्हणाले, "मुलगी पसंत आहे. आबांना सांग, शुक्रवारी येऊन सुपारी फोडू." दादाला जेवू घातलं. पाठीला तेल लावायला दिलं. मग ते बाजेवर जरा आडवे झाले.

दिवस मावळताना दादा घरी आला. आम्ही सगळे अंगणात वाट बघत उभे होतो.

"काय म्हणाले?" आबांनी विचारलं.

"पसंत म्हणाले. शुक्रवारी सुपारी."

आक्का आत पळाली. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. आबांनी डोळे मिटले, उघडले, आणि मग त्यांना दिसलं की दादाच्या खांद्यावर सायकल आहे.

"ही परत का आणलीस?"

"ती न्हाई आणली. ती तिथं सोडली. ही दुसरी हाय."

ती मॉर्टन होती. खरी. दौलतरावांची. हरणाच्या बिल्ल्याची, सोनेरी नावाची.

"तुम्हीच म्हणालात, गेलास तसाच ये," दादा म्हणाला. "मी सायकल खांद्यावर घेऊन गेलो होतो."

आबा खाली बसले. "अरे, मालकाला तरी विचारलंस का?"

"विचारलं की. मामानं सांगितलंय."

"मग काय म्हणाले ते?"

"झोपले होते. कानात विचारलं. न्हाई म्हणाले न्हाईत."

 ठरलेलं लग्न चोरीच्या सायकलीवर मोडणार, असं सगळ्यांच्या मनात आलं. शेवटी आबा म्हणाले, "मी स्वतः नेऊन पाय धरतो. उजाडल्याबरोबर ही सायकल या दारातनं बाहेर पडली पाहिजे."

"बरं आबा."

लग्न मोडलं नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर आक्का मला मारेल. ते फक्त पुढं गेलं आहे. ती मॉर्टन दौलतराव आजही चालवतात. रस्त्यात कुणी थांबवून विचारलं, ही कुठली हो, तर छत्तीस वर्षं पत्ता न खोडलेला हा माणूस शांतपणे सांगतो, "जयभारत." त्याच आठवड्यात दादाला ताप भरला. ते मी सांगत नाही. मी सकाळचं सांगतो.

उजाडलं. आबा तोंड धुवायला तांब्या घेऊन अंगणात आले आणि उभेच राहिले. जमिनीवर पॉलिश पेपरचे तुकडे पडले होते. सोनेरी भुगा पडला होता. हरणाचा बिल्ला काढून, पुसून, तुळशीच्या कट्ट्यावर नीट ठेवला होता. आणि दादा उकिडवा बसून, जीभ ओठांत धरून, खऱ्या मॉर्टनच्या दांडीवर पांढऱ्या रंगानं शेवटचा त काढत होता.

त पुरा झाला. त्यानं फुंकर घातली. मग ब्रश कानावर ठेवला, उठला आणि आबांसाठी दार उघडून धरलं.