समोरची मूठ

एकदा एका गावात शाळा बांधून पुरी झाली, पण तिला नाव मिळेना. गाव अमेरिकेच्या दक्षिणेतलं, कापसाच्या मुलखातलं. गुलामीतून सुटलेल्या काळ्या माणसांनी पोटाला चिमटा घेऊन भिंती उभ्या केल्या आणि नावापाशी येऊन ती अडली. त्या काळी त्यांच्या समाजात दोन मोठे पुढारी होते. एक सांगे, आधी हातात हुन्नर घ्या, जमीन घ्या, मान मागून येईल. दुसरा सांगे, मान आधी मागा, मत देण्याचा हक्क आजच मागा, वाकलेल्याच्या हुन्नराला कोण विचारतो? निम्मं गाव एकाचं, निम्मं दुसऱ्याचं. आपल्याकडे चौकाच्या पाटीवरून डोकी फुटतात, तशी तिथेही फुटायची वेळ आली. ज्यांच्या पुढाऱ्याचं नाव लागणार नाही, ते आपली पोरं शाळेत घालणार नव्हते.

निवाडा तरुण मास्तरावर सोपवला होता. रविवारी चर्चमध्ये उभं राहून त्याने सांगायचं, दोघांत श्रेष्ठ कोण. त्याचा स्वतःचा कल मताच्या पुढाऱ्याकडे होता. पण कुणाचंही नाव घेतलं तरी निम्मे बाक रिकामे राहणार, या विचाराने त्याला अन्न गोड लागेना. शेवटी तो आपल्या वृद्ध गुरूकडे गेला. या बाईंनीच त्याला झाडाखाली बसवून मातीत अक्षरं गिरवायला शिकवली होती.

"बाई, दोघांत मोठा कोण?"

"जेवलास का?"

"बाई, मी काय विचारतोय..."

"ऐकलं. बहिरी नाही झाले अजून. भिंतीवरची करवत काढ."

करवत माणसाएवढी लांब, दोन्ही टोकांना मुठी असलेली. परसात दगडांवर एक जाडजूड ओंडका होता, मध्यापर्यंत कापून सोडलेला. बाईंचे यजमान मतदार म्हणून नाव लावायला तालुक्याच्या कचेरीत गेले, ते परत आले नाहीत. कुणी काय केलं हे गावाला ठाऊक होतं आणि गाव गप्प होतं. करवतीची त्यांच्या बाजूची मूठ बाई कुणाला धरू देत नसत, हेही गावाला ठाऊक होतं.

आज बाईंनी त्याच मुठीकडे बोट दाखवलं. "धर."

मास्तर चपापला. "ही?"

"मग काय दाताने धरणार आहेस?"

त्याने भीतभीत धरली आणि होतं नव्हतं ते बळ लावून पुढे रेटली. पातं वाकलं, कण्हलं, अडकून बसलं.

"ढकलतोस काय मेल्या! ढकलून कधी लाकूड कापतात? तुझ्याकडे ओढ. ओढलंस की हात सैल सोड, मी माझ्याकडे ओढीन. एवढं शिकलास आणि एवढं कळेना?"

हळूहळू त्याला लय सापडली. जुन्या खाचेतून ताजा भुसा सांडू लागला. मग बाई थांबल्या. धाप ओसरेपर्यंत खाचेतून बोट फिरवत राहिल्या.

"माझा दादला मताच्या माणसाचा. मी हुन्नराच्या माणसाची. रोज संध्याकाळी इथेच भांडायचो. तो म्हणे, तुझा पुढारी आपल्याला वाकायला शिकवतो. मी म्हणे, तुझ्या पुढाऱ्यापायी आपण मरणार. आणि भांडता भांडता ओंडके कापायचो. हा त्याने शाळेच्या उंबऱ्यासाठी आणलेला. शाळेचा तेव्हा पत्ताही नव्हता. मग तो गेला. तेव्हापासून या घरात माझंच म्हणणं खरं. उलट बोलायला कुणी नाही. जिंकले की मी! ओंडका मात्र बोटभर पुढे गेला नाही."

बाईंनी मास्तराच्या हातातल्या मुठीकडे पाहिलं.

"अजून कान तिकडेच असतात रे," बाई म्हणाल्या. "कुणीतरी समोरून म्हणावं, चुकतेस तू."

मास्तराने विचारलं, "मग दोघे सारखेच म्हणायचे का?"

"सारखे कुठले? तुला पटेल त्या बाजूला ओढ, अंग मोडेस्तोवर ओढ. मीही माझ्याच बाजूला ओढणार. पण समोरची मूठ रिकामी व्हावी असं मनात आणू नकोस. आणि लाकूड अजून तुटायचंय. आत्तापासून करवतवाल्यांची उंची काय मोजत बसलास? चल, धर."

ऊन कलता कलता ओंडका तुटून पडला. बाई सावकाश चालत मास्तराच्या बाजूला आल्या आणि त्याने सोडलेल्या मुठीवर त्यांनी तळवा ठेवला.

"गरम आहे," त्या म्हणाल्या. मूठ गार होईपर्यंत त्यांनी हात काढला नाही.

रविवारी तो चर्चमध्ये उभा राहिला. "माझा कल मताकडे आहे आणि तो राहील," त्याने सांगितलं. "ज्यांचा हुन्नराकडे आहे, त्यांनी माझ्याशी जन्मभर भांडावं. पण पोरं त्यासाठी घरी बसवू नयेत. नाव नंतर बघू. बाहेर गाडीत शाळेचा उंबरा आहे, तो एकट्याला उचलत नाही."

कुणी हललं नाही. मग हुन्नराच्या बाजूचा, सगळ्यांत मोठ्याने भांडणारा लोहार खाकरत उठला.

"तुझं म्हणणं मला साफ नामंजूर आहे, मास्तर," तो म्हणाला. "कुठलं टोक धरू?"